खंडेनवमीचं पिस्तूल

भानुदास हात धुऊन, चहा पिऊन आत आला, तर पाटावरचं पिस्तूल जागेवर नव्हतं.

बाकी सगळं होतं. पाने, पेचकस, पितळी ब्रश, क्लबातल्या चार रायफली, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूच्या पाकळ्या. वलीचं ते तळहाताएवढं पिस्तूल तेवढं गायब.

"नीलेश! अरे, इथलं पिस्तूल कुठंय?"

"वली घेऊन गेला ना, काका," काउंटरवरून नीलेश म्हणाला. "त्याच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, उद्याची मीटिंग आजच ठरली म्हणे. नुसता यल्ला यल्ला, चला चला करत होता. मी वरून पुसून, बंद करून दिलं. एकदम चकाचक!"

'वरून पुसून' ऐकलं आणि भानुदास तिथल्या स्टुलावर मटकन बसला.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. नीलेशलाही वाटलंच. पण नीलेश सेल्समन, त्याला हत्याराच्या पोटातलं काय कळणार? भानुदास साताऱ्याकडचा. फौजेत सारी नोकरी बंदुका दुरुस्त करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर दुबईतल्या या खासगी नेमबाजी क्लबात तेच काम मिळालं. पलटणीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, ती सवय हाडीमासी खिळलेली. इथं मॅनेजरला विचारायची सोय नव्हती; कळलं असतं तर व्हिसा खलास आणि पहिलं विमान. म्हणून हा बाबा दरसाल क्लब उघडायच्या आधी, दार लोटून, गुपचूप पूजा उरकायचा. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पूजा उतरवायची, सगळं खोलायचं, पुसायचं, मग कामाला लावायचं. इतकी वर्षं कधी काही बिघडलं नव्हतं.

यंदा वलीचं पिस्तूल सफाईला आलेलं होतं आणि ते उद्या न्यायचं ठरलं होतं. हत्यार ठेवायचं ते उघडं ठेवायचं, म्हणजे रिकामं आहे हे चार हातांवरूनही दिसतं, ही फौजेतली दुसरी सवय. तेव्हा वरचा भाग मागे ओढून अडकवलेला, पोट उघडं, आत ताजं तेल. आणि त्या उघड्या पोटावर भानुदासनं डोळे मिटून, हात जोडून, चांगली चिमूट चिमूट हळद आणि कुंकू वाहिलं होतं.

मोठं पिस्तूल असतं तर एवढं काही नव्हतं. ती दणकट जात. वाळू खाईल, घाम पिईल आणि तरी चालेल. हे खिशातलं छोटं हत्यार म्हणजे नाजूक प्रकृतीचं माणूस. सरकायला जागा बोटभर, स्प्रिंग कडक, सगळं घट्ट बसवलेलं. रोज कोटाखाली बाळगायचं म्हटलं की कापडाचा एक धागासुद्धा त्याला अडकायला पुरतो. म्हणून तर वली दर महिन्याला ते घेऊन यायचा. वली बलुची, यूनुस अरबाबचा अंगरक्षक, उंचापुरा गडी. पिस्तूल हातात देताना दर वेळी म्हणायचा, "भानुभाई, मेरी जान है इसमें."

आणि आजची मीटिंग कुणाशी? अरबाबच्या जुन्या भागीदाराशी. त्या दोघांच्या भांडणात पंधरा दिवसांपूर्वी अरबाबच्या गाडीच्या काचा फुटल्या होत्या. 'पुढच्या वेळी काच नसेल,' असा निरोप आला होता. वलीनंच सांगितलं होतं हे सारं, पिस्तूल देताना; मीटिंग रास अल खोर भागातल्या अरबाबच्या गोदामात आहे, हेही.

भानुदासनं मोबाईल लावला. बंद. मीटिंगला अरबाब सगळ्यांचे फोन बंद करायला लावायचा.

"नीलेश, मॅनेजर आला तर सांग, काकांचं पोट बिघडलंय."

"काका, तुम्ही घामाघूम झालात हो! डॉक्टरकडे जाताय ना?"

"हो रे बाबा, डॉक्टरकडेच," म्हणत त्यानं पाटावरची पूजा चादरीखाली झाकली आणि टॅक्सी पकडली.

रास अल खोरच्या रस्त्यावर ट्रक एकामागे एक अडकलेले. वली पिस्तूल बाळगायचा ते नळीत गोळी न घालता. अरबाबचा तसा हुकूमच होता. वेळ आली की वरचा भाग ओढायचा, सोडायचा, की गोळी आत. म्हणजे बिघाड कळणार तो थेट वेळ आल्यावरच. देवा रे, तुझ्या नावानं पूजाच केली, आणि हे काय करून ठेवलंस! मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. देवाचं काय चुकलं? हळद काय देवानं टाकली?

गोदामाच्या दाराशी चार गाड्या उभ्या होत्या. आत मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून यूनुस अरबाब आणि जुना भागीदार समोरासमोर बसलेले. भागीदारामागे तीन माणसं. अरबाबच्या मागे एकटा वली. भानुदासनं तांदळाच्या पोत्यांआडून हात केला. वलीच्या कपाळाला आठी पडली, पण तो अरबाबच्या कानाला लागला आणि आला.

"भानुभाई? पागल हो गए क्या? यहाँ क्यों आए?"

पूजेचं बोलायचं की नाही, हा विचार टॅक्सीत शंभरदा झाला होता. आता तोंडातून सगळं भडाभडा बाहेर पडलं. हळद, कुंकू, तेल, सगळं.

पोत्यांकडे वळून वलीनं पिस्तूल काढलं, नळी जमिनीकडे धरली, वरचा भाग ओढून सोडला. तो अर्ध्यावर येऊन बसला. गोळी नळीच्या तोंडाशी अडकलेली. वलीनं अंगठ्यानं जोर लावला. ढिम्म. अंगठा बघितला, तर पिवळा.

"इतनी देर से इसको लेके खड़ा हूँ मैं," तो इतकंच म्हणाला.

भानुदासला वाटलं, यानं दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "दे इकडे. पाच मिनट. बस, पाच मिनट."

त्यानं गोळ्या काढल्या, पिस्तूल मांडीवर खोललं. तेलात हळद कालवून झालेला लेप खोबणीत बसला होता. खिशातला रुमाल, आगपेटीची काडी, शर्टाचं टोक, मिळेल त्यानं तो खरवडत सुटला. त्या घाईत स्प्रिंग निसटली आणि पोत्यांखाली गेली. तो पालथा पडून चाचपडायला लागला.

"वली!" पोत्यांपलीकडून अरबाबचा आवाज आला. "यल्ला!"

आवाज चढलेले होते. खुर्ची मागे सरकल्याचं ऐकू आलं. वलीनं भानुदासच्या मांडीवरच्या तुकड्यांकडे पाहिलं, कोट सारखा केला, रिकाम्या कोटात उजवा हात घातला आणि चालू लागला.

"अरे, थांब! वली!" भानुदास पोत्यांआडून कुजबुजला.

पोत्यांच्या फटीतून त्याला सगळं दिसलं. भागीदार उभा राहून बोट नाचवत होता. त्याचा एक माणूस दोन पावलं पुढे आला. वली अरबाबच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, हात कोटात, नजर त्या माणसावर. तो माणूस त्याच्या हाताकडे बघत राहिला. भानुदासला स्प्रिंग सापडली होती, बोटं आपोआप काम करत होती, पण डोळे फटीवरून हलत नव्हते. आपल्या हातानं आपण याला नागडा करून तिथं उभा केलाय, हे एकच डोक्यात घणघणत होतं.

तो माणूस मागे सरला. भागीदार काहीतरी पुटपुटला आणि बसला. चहा आला. बऱ्याच वेळानं गाड्या सुरू झाल्या आणि निघून गेल्या.

वली पोत्यांआड आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. सदरा पिळून काढावा इतका भिजलेला.

"झालं," भानुदास म्हणाला. पिस्तूल पुढे केलं. "साफ आहे. ओढून-सोडून बघितलं, चार वेळा. माफ कर मला, वली. माफ कर."

वलीनं ते घेतलं नाही. उजवा हात अजून कोटातच होता.

"घे ना."

"खुल नहीं रहा," वली हळूच म्हणाला.

भानुदासनं त्याचा हात कोटातून बाहेर काढला. बोटं नसलेल्या पिस्तुलाच्या मुठीभोवती वळून लाकडासारखी ताठ झालेली. मग पिस्तूल पोत्यावर ठेवून तो ती बोटं चोळत, एकेक करून उलगडत बसला.