मंगळवारचा चार्ज

निवृत्त सिस्टरांच्या संघटनेत एक रीत होती. दर मंगळवारी सकाळी मोठ्या सिस्टरने एकीला फोन करायचा, तिने पुढचीला, पुढचीने तिच्या पुढचीला. वॉर्डात ड्यूटी बदलताना पेशंटची हकिगत सांगतात, तशी सगळ्यांची हकिगत पुढे सरकायची. कुणाचा गुडघा, कुणाची झोप, कुणाची सून. "चार्ज घेतला" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

फिटरची बायको या साखळीत होती. तो कारखान्यात फिटर होता, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणत, बायकोसुद्धा. ती लेकीकडे गेली आणि तापाचं निमित्त होऊन तिथेच वारली. सगळं आटोपून फिटर एकटा घरी आला, तर मंगळवारी फोन वाजला. आमची बाई कुठाय, मोठ्या सिस्टरने विचारलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, लेकीकडे. मग तुम्हीच घ्या चार्ज, त्या म्हणाल्या. त्याने घेतला.

पुढचा फोन चष्मेवालीला करायचा होता. ऑपरेशन थिएटरात उभा जन्म काढलेली, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली बाई. तिने आधी त्याचीच हजेरी घेतली. भात करपवता की कच्चा ठेवता? बायको नाही म्हणून त्याच बनियनवर आठवडा काढताय ना? फिटर कितीतरी दिवसांनी हसला.

खरं सांगायचं त्याने दर वेळी ठरवलं. पण सांगितलं की बायकोचं नाव साखळीतून कमी होणार, आणि मंगळवारही बाकीच्या वारांसारखा मुका जाणार. शिवाय फोनवर तरी ती अजून लेकीकडेच होती. आज नको, पुढच्या वेळी, असं करत तो ढकलत राहिला.

मग एका मंगळवारी चष्मेवाली म्हणाली, पोटाचं ऑपरेशन ठरलंय. भाचीला येऊ नको म्हणून कळवलंय.

"शुद्धीवर येताना मला तुमची बायको शेजारी हवी. बाकी कुणाचा हात मला चालायचा नाही. आता पुरे झालं लेकीचं कौतुक, बोलवा तिला."

फिटरने खुर्चीचा हात धरला.

"ती नाही येणार, ताई. ती गेली."

"कुठे गेली?"

"लेकीकडेच गेली. त्याच वेळी."

मग तिने विचारलं, शेवटी त्रास झाला का. नाही, तो म्हणाला.

"मी दर मंगळवारी तिच्यासाठी तुमच्याकडे निरोप देत होते, भाऊजी. तुम्ही हो, हो म्हणत होतात."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरचा फोन आला. रागावल्या नाहीत, रडल्या. चष्मेवालीने भाचीला बोलावून घेतलंय, म्हणाल्या. फोन ठेवताना हळूच सांगितलं की साखळी सिस्टरांचीच आहे, तेव्हा यापुढे चष्मेवालीला फोन त्या स्वतः लावतील.

ऑपरेशननंतरच्या मंगळवारी फिटर आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून फोनपाशी बसला. फोन वाजला नाही. शेवटी त्यानेच चष्मेवालीचा नंबर फिरवला. लाईन बिझी होती. थोडं थांबून पुन्हा फिरवला, तरी बिझीच.

म्हणजे ती बोलतेय. म्हणजे ऑपरेशन नीट झालं.

त्याने फोन ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले.