फाट्यावरची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. शेकडो वर्षांच्या झाडांच्या या रानात, जिथे पायवाटेला फाटा फुटतो, तिथे खांबावर मी उभी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर अक्षरं कोरलेली आहेत, पण मला वाचता येत नाही. गरजही पडली नाही. डावीकडे गेलेली माणसं फाटकातून घरी जातात आणि उजवीकडे गेलेली घळीतून धापा टाकत परत येतात, एवढं शिक्षण मला पुरलं.

वादळात पडलेल्या इथल्याच एका म्हाताऱ्या झाडाची मी लेक. जुन्या वनरक्षकाने मला तासलं, रंगवलं आणि एका बोल्टावर बसवलं. दर पावसाळ्यानंतर तो पाना घेऊन यायचा, बोल्ट आवळायचा आणि म्हणायचा, "बाईसाहेब, तुमच्या भरवशावर आहे हं सगळं!" मी फुगायचे. का नाही फुगणार? भलेभले शिकलेले माझ्यापुढे मान वर करून उभे राहायचे.

तो निवृत्त झाला. नव्यांना पाना कुठे असतो तेही ठाऊक नाही. बोल्ट सैल झाला. गेल्या महिन्यात एक धटिंगण फोटोसाठी मला लोंबकळला. मी गर्रकन फिरले आणि फाटकाकडे असलेलं माझं टोक घळीकडे झालं. फोटो छान आला म्हणे.

त्याच दुपारी एक आजी-आजोबा परत निघाले होते. आजी गुडघा धरून चालत होत्या.

"अहो, येताना आपण या डावीकडून आलो. तो वाकडा बुंधा बघा की."

"पाटी काय खोटं बोलते? तुझ्यापेक्षा शिकलेली आहे ती!"

"हो, आणि तुमच्याइतकीच हट्टी. चला, तुम्ही ऐकणार थोडेच!"

अरे मेल्या, बायकोचं ऐक! मी आतल्या आत ओरडत होते. पण लाकडाला कुठला आवाज? वाऱ्याने जरा करकरले, तर आजोबा म्हणाले, "बघ, तीही हो म्हणतेय."

ऊन उतरलं. घळीतून आजोबांच्या हाका येऊ लागल्या. एकूण एक हाक मी ऐकली. फाटकाशी वाट बघणाऱ्या त्यांच्या लेकीने रखवालदाराला धाडलं, तेव्हा कुठे त्याने आजींना पाठीवर घेऊन वर आणलं. घळीत मुरगळलेला त्यांचा घोटा टम्म सुजला होता. आजोबा माझ्यापुढे थांबले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते नुसतं आजींना म्हणाले, "तू सांगत होतीस गं."

रखवालदाराने मला हातानेच वळवून सरळ केलं. "उद्या पाना आणतो," म्हणाला. तो उद्या अजून उजाडला नाही.

मित्रांनो, रानात याल तेव्हा मला बोटाने ढकलून बघा. हलले, तर फाटकावरच्यांना सांगा आणि त्यांनी पाना हातात घेतल्याशिवाय सोडू नका. तोवर माझं ऐकू नका. माझ्या तोंडून हे निघावं, यासारखी नामुष्की नाही.

आज पुन्हा वारा सुटलाय. माझं टोक हळूहळू घळीकडे सरकतंय. आणि वळणापलीकडून कुणाचीतरी आई म्हणतेय, "थांबा रे, धावू नका. आधी पाटी बघू."