धुऱ्यावरचे निशाण

संक्रांतीच्या सुमारास आलेले ताहेरचे पोस्टकार्ड दिवाळी सरली तरी उत्तमरावांकडे बिनउत्तराचेच पडून होते. मजकूर दोन ओळींचा. ‘सर, पुढच्या वेळी निशाण माझ्याकडे राहील का नाही, तेवढे कळवा. नसेल तर मिशी काढून टाकतो, घरचे मागे लागले आहेत.’ उत्तमरावांनी ते वाचले, हसले, आणि वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातले. पुस्तके बदलत गेली, कार्ड तेच राहिले.

उत्तमराव अकोल्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर हिवरखेडकडच्या एका स्मारक समितीने त्यांना गाठले. तिथल्या शिवारात दोनशे वर्षांपूर्वी लढाई झाली होती, आणि दरवर्षी कापूस वेचणी सरता सरता तिचा स्मरणदिन होई. जुन्या फौजेच्या वेशातले निशाणपथक उभे करायचे होते. अंगरखे, पागोटी, निशाणाची काठी, सगळे उत्तमरावांनी पुस्तकांतून काढले. पथकाला शिकवलेही त्यांनीच. पहिला नियम असा, की निशाण जाईल तिकडे पथक जाईल, विचारायचे नाही. निशाण धरणारा ताहेर बाजारात बांगड्या विकायचा. उंच होता, आणि मिशी त्याने निशाणासाठीच वाढवली होती.

मागच्या स्मरणदिनी पथकाने चौघाचौघांच्या रांगेत मंचासमोर यायचे ठरले होते. वाट पार्बताबाईच्या शेतातून होती. एरवी तोवर शेत मोकळे होई, पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि कपाशीची पऱ्हाटी बोंडांनी भरून उभी होती. पावसाच्या नुकसानीबद्दल गावोगाव सांत्वनाला फिरणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्यांनी तिच्या शेताचा एक कोपरा आधीच तुडवला होता. ताहेर शेताच्या तोंडाशी आला, क्षणभर थांबला आणि धुऱ्यावर, शेताच्या अरुंद बांधावर, वळला. नियमाप्रमाणे सगळे त्याच्यामागे एकेक करून वळले. समोरून पाहणाऱ्यांना एक माणूस आणि एक निशाण, एवढेच दिसले. पथकातले बाकीचे जेवायला गेले का, असे पाहुण्यांनी मंचावरून विचारले. लोक हसले. पेपरात फोटोही तसाच आला, एकट्या माणसाचा.

समितीचे अध्यक्ष ओमप्रकाश यांना ते लागले. ताहेरला काढा, शिकवले तुम्ही तर सांगाही तुम्हीच, असे त्यांनी उत्तमरावांना बजावले. उत्तमरावांना ते पटले नाही. पण नाही म्हणवले नाही, आणि ताहेरला कळवणेही झाले नाही.

यंदाचा स्मरणदिन जवळ आला तसे ते एसटीने हिवरखेडला उतरले आणि पथकाच्या वाटेची पाहणी करायला शेतावर गेले. पार्बताबाई कापूस वेचत होती. पऱ्हाटी यंदाही उभीच.

“तुमचा निशाणवाला कोठी हाय?” तिने ओटीतला कापूस सावरत विचारले. “त्याच्या झग्याले माहा कापूस चिकटून गेलता. वापस द्याले सांगा.”

उत्तमराव चाचरत म्हणाले, की त्याचे अजून ठरायचे आहे.

“सालभर ठरूनच राह्यलं काय?” ती म्हणाली. “बाजारात भेटलाता तो मले. म्हने, नावावरून काढलं असन. म्या म्हनलं, सर तसे नाईत बाप्पा. भित्रे हायेत.”

ती पुढच्या ओळीला लागली. उत्तमराव धुऱ्यावर उभे राहिले. आपल्या गप्प बसण्याचा असाही अर्थ निघू शकतो, हे इतक्या महिन्यांत त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

तिथून ते थेट ओमप्रकाशांच्या दुकानी गेले. मंच धुऱ्याच्या बाजूला आडवा घालू, म्हणजे एकामागे एक आलेले पथक पाहुण्यांना पुरते दिसेल, असे त्यांनी सुचवले. निशाण ताहेरच धरेल, हेही सांगितले. ओमप्रकाशांनी चष्म्यावरून पाहिले.

“फौज अशी एकेक करून चालते, हे कोन्या पुस्तकात हाय?”

नेमका हाच प्रश्न येणार, ही भीती उत्तमराव वाटभर बाळगून आले होते.

“पुस्तकात नाही,” ते म्हणाले. “मी सांगतो आहे.”

“बरं,” ओमप्रकाश म्हणाले. “मंग पाहुण्यायले तुमीच समजावून सांगा. माइकवर.”

उत्तमराव आयुष्यात माइकवर बोलले नव्हते. शाळेच्या निरोप समारंभातही त्यांनी नुसते हात जोडले होते. तरी त्यांनी मान हलवली.

पोस्टातून कार्ड घेऊन त्यांनी तिथेच काउंटरवर लिहिले. ‘निशाण तुमच्याकडेच आहे. पथक धुऱ्यानेच येईल. वर्षभर उत्तर दिले नाही, त्याला कारण तुमचे नाव नव्हे, माझा भित्रेपणा. मिशी ठेवावी.’ लिहून झाल्यावर ‘भित्रेपणा’ हा शब्द त्यांना नकोसा वाटला. ‘संकोच’ बरा दिसला असता. नवे कार्ड घ्यावे म्हणून ते खिडकीकडे वळलेही. पण खिडकीशी रांग होती, आणि अकोल्याची गाडी लागली होती.

त्यांनी कार्ड तसेच पेटीत टाकले.