वखारीतली घोडी

घोडी आली त्या दिवशी वहिनी माहेरी होती. ननंद पुढे सगळ्यांना हा योगायोग म्हणून सांगत राहिली.

तो योगायोग नव्हता. वहिनीच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच संध्याकाळी ननंदेने प्राण्यांच्या बचाव केंद्राला फोन करून गाडी कधी पाठवायची ते कळवलं. भावाला तिने जेवताना विचारलं. भाऊ कोणालाच नाही म्हणत नसे, त्यामुळे त्याच्या होकाराला घरात फारशी किंमत नव्हती. पण होकार तो होकार. घराला लागून लाकडाची वखार होती आणि वखारीमागे एक लांब शेड. वहिनी तिथे कापलेल्या फळ्या वाळत ठेवायची. ननंदेने दोन हमाल बोलावले, फळ्या अंगणात काढल्या, त्यांच्यावर ताडपत्री टाकली आणि शेड झाडून घेतली.

वहिनी परतली तेव्हा ननंद तिला आणायला बसस्टँडवर गेली. एरवी ती कधी जात नसे. तिने बॅग हातातून घेतली, वडिलांची चौकशी केली, टॅक्सीत खिडकीकडची जागा दिली. फाटकाशी उतरल्यावर म्हणाली, "वहिनी, एक छोटीशी गंमत आहे."

वहिनीने गंमत पाहिली. शेडच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून एक राखाडी घोडी उभी होती. बरगड्या वर आलेल्या, पाठीवर खोगिराने घासून केस गेलेले दोन चट्टे, पुढचे खूर वाढून जुन्या चपलेसारखे वर वळलेले. कान मागे टाकलेले.

"माझ्या फळ्या कुठे आहेत?"

"ताडपत्रीखाली. अगदी नीट ठेवल्यात."

"ताडपत्रीखाली फळ्या वाळत नाहीत वन्सं, उकडतात. आणि वाकलेली फळी गिऱ्हाईक काय, ही घोडीसुद्धा घेणार नाही."

भाऊ मध्ये पडला. "अगं, थोडे दिवस बघू तर."

"तुम्ही बघाच," वहिनी म्हणाली. "जन्मभर तेवढंच केलंत."

वखार वहिनी चालवायची. भाऊ ट्रकबरोबर ओंडके आणायला जायचा आणि आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर असायचा. त्याला ते मानवत असे. ननंद इस्पितळात एक्स-रे काढायची. घर दोघा भावंडांचं होतं, त्यामुळे ननंद कुठे जाणार नव्हती आणि वहिनीही. दोघी एकमेकींशी 'अहो-जाहो' करत. त्यात मान कमी आणि अंतर जास्त होतं.

घोडीची गाठ ननंदेशी कामातूनच पडली होती. केंद्राने तिला फिरतं एक्स-रे मशीन घेऊन बोलावलं होतं. घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. फोटोत खुराच्या आतलं हाड जागेवरून फिरायला लागलेलं स्पष्ट दिसत होतं. दिवसभर माणसांची मोडलेली हाडं बघून घरी निवांत जेवणारी ही बाई, पण त्या हाडाने तिची झोप उडवली.

केंद्राने घोडी कायमची दिली नव्हती. दीड महिना सांभाळा, मग केंद्राची डॉक्टर नालबंदाला घेऊन येईल. दत्तक घेणाऱ्याने तिच्यादेखत घोडीच्या तोंडावर म्होरकी चढवायची आणि खूर कापून होईपर्यंत धरून ठेवायची. खूर कायम कापत राहावे लागणार होते आणि दर वेळी गुंगी देणं धोक्याचं होतं, म्हणून या अटीत सूट नव्हती. जमलं नाही तर घोडी परत. परत म्हणजे केंद्राच्या खच्चून भरलेल्या आवारात. तिथे बाकीचे घोडे तिला चाऱ्याजवळ फिरकू देत नसत. तिच्या मानेवरचे चावे तिथलेच होते. तिथे ती फार दिवस काढणार नाही, हे डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

ननंदेने घोडीचं नाव परी ठेवलं आणि कामाला लागली. रोज सकाळ-संध्याकाळ ती गाजर घेऊन जायची. उजव्या हातात गाजर, तोंडात "ये गं, ये माझी परी," आणि डावा हात पाठीमागे. त्या हातात म्होरकी आणि दोर. दोर बघून घोडी बिथरायला नको, असा तिचा विचार. घोडी गाजराकडे बघतच नसे. ती ननंदेच्या खांद्याकडे, कोपराकडे बघायची, नाकपुड्या फुगवायची आणि भिंतीच्या कडेने पलीकडे निघून जायची. एकदा ननंदेने तिला कोपऱ्यात गाठलं. घोडीने गाजर सोडून दंड धरला. इस्पितळात ननंदेने स्वतःच्या हाताचा एक्स-रे स्वतःच काढला. हाड शाबूत होतं. बाकी हात जांभळा.

"वन्सं," वहिनी जेवताना म्हणाली, "तुम्ही पेशंटला सांगता ना, श्वास रोखा, हलू नका? तिलाही सांगून बघा."

"तुमच्या फळ्यांपेक्षा तिला जास्त कळतं."

"म्हणून तर चावली."

भाऊ पाणी प्यायला उठला आणि बराच वेळ पीत राहिला.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात वीज गेली. एक्स-रे विभाग बंद झाला आणि ननंद भर दुपारी घरी आली. वखारीतली करवतही बंद होती. शेडमधून वहिनीचा आवाज येत होता. ननंद दाराशी थांबली.

वहिनी फळ्या परत आणून शेडच्या एका बाजूला रचत होती. कोणाला न विचारता तिने निम्मी शेड भरून टाकली होती. कानावर पेन्सिल, खांद्यावर फळ्या बांधायच्या दोराचं वेटोळं. घोडी तिच्यामागे हातभर अंतरावर उभी होती आणि त्या दोराचा वास घेत होती.

"सरक, भवाने," वहिनी मागे न बघता म्हणाली. "पाय काढ. तुझ्या बापाची फळी आहे का?"

घोडीने पाय काढला. कान पुढे होते. वहिनीने दुसरी फळी उचलली, मापाची टेप लावली, खूण केली. घोडी एक पाऊल तिच्यामागून गेली. वहिनीने कोपराने तिचं तोंड बाजूला ढकललं. घोडीने ढकलू दिलं.

ननंद आत आली तशी घोडी भिंतीला गेली.

"काय खायला घालता तुम्ही तिला?"

"शिव्या."

"मी घरात नसताना तिला फितवताय. ती माझी आहे, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"तुमचीच आहे. घेऊन जा. मला माझी शेड हवी." वहिनीने टेप गुंडाळली. "आणि पाठीमागून कामं करायची सवय तुमची. मी भर दुपारी, दार उघडं टाकून फळ्या लावतेय."

त्यानंतर दोघी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या. वहिनीला विचारावं, ती नेमकं काय करते ते बघावं, असं ननंदेच्या मनात आलं नाही असं नाही. पण तिच्यापुढे हात पसरण्यापेक्षा आणखी चार चावे परवडले, असं तिने ठरवलं. गाजरं वाढवली. आवाज आणखी गोड केला.

मुदत संपली त्या सकाळी डॉक्टर आली, बरोबर नालबंद. भाऊ नेमका ट्रकवर होता. नालबंदाने सुरी, कानस काढून पोत्यावर मांडली आणि तो बिडी न पेटवता नुसती धरून बसला. डॉक्टर शेडच्या दाराशी उभी राहिली.

"चला. घाला म्होरकी."

ननंद आत गेली. उजवा हात पुढे. "ये गं परी." डावा हात मागे. घोडीने मान वर फेकली. ननंद जवळ गेली तशी ती वळली, दोन्ही मागचे पाय झाडले आणि फळ्यांच्या थप्पीवर आदळली. निम्मी थप्पी खाली आली. धुरळा उडाला. नालबंद पोत्यासकट मागे सरकला.

करवतीचा आवाज थांबला आणि वहिनी आली. अंगभर भुसा. तिने आधी फळ्यांकडे पाहिलं, मग ननंदेकडे.

"द्या ते इकडे."

तिने ननंदेच्या हातातून म्होरकी ओढून घेतली आणि ती समोर धरून सरळ घोडीकडे चालत गेली. "शिसव होतं ते, सटवे. दोन महिने वाळवलेलं. तुझ्या खुराला कळतं का शिसव म्हणजे काय?" घोडी थरथरत होती, पण हलली नाही. तिने म्होरकी हुंगली. वहिनीने ती तिच्या नाकावरून चढवली, कानामागे बांधली आणि दोर ढिला सोडला. घोडीने मान खाली केली.

डॉक्टरने वहिनीकडे बोट केलं. "ह्या कोण?"

"माझी भावजय," ननंद म्हणाली.

"ह्यांच्या नावावर देऊ शकते. तुमच्या नाही."

"मला नकोय," वहिनी म्हणाली. "मी फळ्या उचलायला आले."

"मग गाडी बोलावते," डॉक्टर म्हणाली आणि फोन घेऊन फाटकाकडे निघाली. रेंज तिथेच मिळायची.

शेडमध्ये दोघी आणि घोडी. नालबंद छताकडे बघत होता.

"वहिनी," ननंद म्हणाली, "तुम्ही सकाळपासून दमला असाल. मी चहा टाकते, मग आपण—"

"झालं सुरू." वहिनीने दोर हातावर गुंडाळला. "एक हात पुढे, एक मागे. मला न्यायला स्टँडवर आलात तेव्हाही तसंच. बॅग काय घेतली, चौकशी काय केली. तिला तरी काय वेगळं करता? गाजर दाखवायचं, दोर लपवायचा. आधी जो कोणी तिच्यावर खोगीर घालत असेल तोही हेच करत असणार. तिला दोराची भीती नाही. लपवलेल्या हाताची आहे."

फाटकाशी डॉक्टर कोणाला तरी पत्ता सांगत होती. डावीकडे वळा, मग वखार.

"बरं," ननंद म्हणाली. आवाजातला गोडवा गेला होता. "ऑपरेशनची तारीख मला माहीत होती. म्हणूनच तेव्हा आणली. तुम्ही असता तर नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते."

"तुम्ही मला आवडत नाही. कधीच आवडला नाहीत."

"हे पहिल्यांदा तोंडावर बोललात."

"घोडी नावावर घ्या. तिथे पाठवली तर मरेल ती. मला दुसरं काही म्हणायचं नाही."

वहिनीने घोडीकडे पाहिलं, मग पडलेल्या थप्पीकडे. "निम्मी शेड फळ्यांची राहील. कायमची."

"राहू दे."

"मी परीबिरी म्हणणार नाही."

"म्हणू नका."

"नावावर माझ्या, तर मी सांगेन ते. मी सांगेपर्यंत तुम्ही तिला हात लावायचा नाही. गाजर नाही, लाडीगोडी नाही."

ननंदेने घोडीकडे पाहिलं. घोडी दोराच्या टोकाला उभी होती, एक खूर किंचित उचलून. तो दुखणारा खूर होता. त्याच्या आतलं हाड कसं दिसतं ते या शेडमध्ये एकट्या ननंदेला ठाऊक होतं.

"मान्य," ती म्हणाली. मग दाराबाहेर जाऊन तिने डॉक्टरला हाक मारली. "गाडी नको. वहिनी घेतायत."

खूर कापायला तासभर लागला. वहिनीने घोडी धरली आणि सगळा वेळ तिला, नालबंदाला आणि नवऱ्याला नावं ठेवली. ननंद दाराबाहेर उभी राहून बघत होती. नखासारखे तुकडे भुशात पडत गेले. पाय टेकल्यावर घोडीने तो दोनदा दाबून बघितला.

डॉक्टरने वहिनीचं नाव लिहून घेतलं. "तुम्ही नसाल तेव्हा जबाबदार कोण? एक नाव लागतं."

"नवरा घालू नका, तो ट्रकवर असतो." वहिनीने म्होरकी सोडवली आणि खुंटीला टांगली. "ह्यांचं घाला. शेण कोण काढणार मग? मी?"

ननंदेने स्वतःचं नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला. मग खोरं आणायला वखारीत गेली.