बिशपच्या पायरीची चिठ्ठी

गल कोव्हमध्ये मासा म्हटलं की कॉड. बाकीच्या माशांना आपापली नावं आहेत, कॉडला त्याची गरज कधी पडली नाही. हाच मासा समुद्रातून संपत आला म्हणून सरकारने तो पकडायला दोन वर्षं बंदी घातली. तेव्हा गावातल्या बहुतेकांनी जाळी गुंडाळून ठेवली. व्हेस डाल्टनने मात्र आपलं जाळं धक्क्यावरच्या माडीत आढ्याला टांगलं आणि दुरुस्त करायला बसला. जाळं कसलं, चार भिंती आणि तळ असलेली खोलीच ती. मासा तिच्यात दारातून शिरायचा आणि परत दार सापडेना म्हणून आत फिरत राहायचा. दोन हिवाळे व्हेस तिच्या भिंती डोळ्यांखालून घालत होता. भोक दिसलं की नुसतं ओढून बांधणं त्याला मंजूर नव्हतं. आधी चांगल्या विणीपर्यंत सगळं कापून काढायचं आणि मग नवीन घरं सुतळीने विणायची, असा त्याचा खाक्या.

"दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं," तो म्हणायचा. सरकारचं बोलणं इतकं मनावर घेणारा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नसेल.

त्यालाही कारण होतं. बंदी आली तसा त्याचा एकुलता मुलगा डर्मट पार देशाच्या पश्चिमेला, अल्बर्टाला, तेलविहिरींच्या कामावर गेला होता. निघताना म्हणाला, "ज्या उन्हाळ्यात मासेमारी उघडेल त्या उन्हाळ्यात मी इथे असेन, बाबा. तू फक्त जाळं तयार ठेव." पोर परत येईल की नाही, हे व्हेसच्या मनात त्या जाळ्यावर अवलंबून होतं.

दुपारी मिस हनोरा माडीवर यायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं. आता शाळाच बंद पडली, म्हणून त्या व्हेसच्या लाकडी सुयांत सुतळी भरून द्यायच्या आणि बोलायची हौस भागवून घ्यायच्या.

"मेंड, मेंड म्हणता ना सारखे," त्या एकदा म्हणाल्या, "त्याचा अर्थ ठाऊक आहे?"

"जाळं मेंड करायचं. आजारी माणूस बरा व्हायला लागला की तोही मेंड. चुलीत लाकूड सारायला माझी आई तेच म्हणायची. आणखी किती अर्थ हवेत, बाई?"

"ते झाले वापर. मूळ लॅटिनमधलं. तिथे मेंडा म्हणजे दोष, खोट. ती काढून टाकायची, म्हणजे मेंड."

"बरोबर आहे की. सडलेलं आधी कापावंच लागतं."

"आणि भिकाऱ्याला जो जुना शब्द आहे, मेंडिकंट, तोही त्याच घरातला. अंगात खोट असलेला, म्हणून हात पसरणारा."

व्हेसचा हात थांबला. दर महिन्याला टपालाने येणारा सरकारी चेक त्याला आठवला. घरी बसायचे पैसे.

"म्हणजे आम्हीच की," तो म्हणाला. "तरी बरं, शाळेत असताना नाही सांगितलंत. तेव्हाच पळून गेलो असतो."

मिस हनोरा हसल्या. पण तो पुन्हा विणायला लागला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

एप्रिल आला. कुणाचं जाळं कुठे लागणार यावरून डोकी फुटू नयेत, म्हणून गावात दर एप्रिलला चर्चच्या हॉलमध्ये जागांच्या चिठ्ठ्या काढायची रीत होती. बंदीच्या काळात ती बंद पडली होती. कमिटीचा गस म्हणाला, "जुलैत मुदत संपते. समजा उघडलं आणि जागा ठरलेल्या नाहीत, तर? काढून ठेवू. काढायला काय जातं?"

खरंच काही जात नव्हतं. उरलेसुरले तांडेल जमले, डब्यातलं दूध घातलेला चहा झाला, गसने डोक्यावरची लोकरी टोपी काढून तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या. व्हेसच्या हाताला लागली बिशपची पायरी. अख्ख्या खाडीतली सोन्यासारखी जागा, खडकाच्या कडेला, जिथे मासा दाटीवाटीने यायचा. त्याच्या बापाने जन्मभर चिठ्ठ्या काढल्या, ती जागा कधी निघाली नाही.

"घ्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "मासा संपला आणि डाल्टनांचं नशीब उघडलं!"

सगळे हसले. व्हेसही हसला. तरी चिठ्ठी त्याने आतल्या खिशात जपून ठेवली, आणि घरी येऊन कोटही न काढता फोन लावला.

"डर्मट, बिशपची पायरी निघाली रे!"

"काय सांगतोस! म्हणजे चिठ्ठ्या काढल्या? म्हणजे उघडतंय?"

ब्राइड, व्हेसची बायको, चुलीपाशी उभी होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"त्याशिवाय काढल्या असत्या का?" व्हेस म्हणाला.

फोन ठेवल्यावर ब्राइड एवढंच म्हणाली, "उघडणार असं कोण म्हणालं तुला?"

"नाही उघडणार असं तरी कोण म्हणालंय?"

जूनमध्ये डर्मटने नोकरी सोडली, ट्रकमध्ये सामान भरलं आणि निघाला. तो वाटेत असतानाच रेडिओवर मंत्र्यांचा आवाज आला. मासा अजून कमी झाला आहे, बंदी उठणार नाही, कधी उठेल ते सांगता येत नाही. ब्राइडने रेडिओ बंद केला. अख्खा देश ओलांडत येणाऱ्या पोराला निरोप द्यायचा कुठे? व्हेस माडीवर गेला आणि शेवटच्या भिंतीची उरलेली घरं घालून टाकली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना, हे खरं.

डर्मट आला तो थेट माडीवरच. बेटावर येणाऱ्या बोटीतून ट्रक उतरवतानाच त्याला बातमी कळली होती. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. बापाशी बोलण्याआधी तो जाळ्याभोवती फिरला, भिंतीमागून भिंत हाताने चाचपली.

"एक खोट नाही यात," तो म्हणाला.

शिवी दिली असती तर व्हेसने सोसली असती. हे शब्द मात्र त्याला सोसेनात.

"तिकडची जागा ठेवतील ना रे तुझी?"

"दुसऱ्याच दिवशी भरली. दारात रांग असते, बाबा. सगळे आपल्याच किनाऱ्यावरचे."

"मग आता?"

डर्मटने खांदे उडवले. खाली धक्क्यावर कुणाचीही बोट हलत नव्हती.

"मी तुझ्याशी खोटं बोललो नाही," व्हेस शेवटी म्हणाला. "मला खरंच वाटलं होतं उघडेल."

"माहीत आहे मला," डर्मट म्हणाला. "खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. तुझ्यावर चिडता तरी आलं असतं."