पाणसळीवर आलेला आळ

मी एक जुनी पाणसळ आहे, मित्रांनो. भिंत सरळ की तिरकी, चौकट बरोबर की कललेली, हे सांगणं माझं काम. माझ्या पट्टीच्या मधोमध काचेची नळी आहे, नळीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये एक बुडबुडा. तो दोन काळ्या रेघांच्या मध्ये आला की काम बिनचूक. पण मेला एका जागी ठरेल तर शपथ! त्यामुळे मलाही कधी स्वस्थता नाही. पोटात स्पिरिट असून मी आजवर झिंगले मात्र नाही.

माझा मालक गवंडी. दुकानात दहा पाणसळी तपासून त्याने मला निवडलं. "हिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा," असं तो सगळ्यांना सांगायचा आणि मी फुगून जायचे. पुढे तो पिऊ लागला. आधी काम संपल्यावर, मग दुपारच्या डब्याबरोबर. हात थरथरू लागले, भिंती कलू लागल्या. मुकादमाने जाब विचारला, तर म्हणतो कसा, "पाणसळ बिघडलीय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला कोण विचारतो? मी पिशवीच्या तळाशी गेले. नवी पाणसळ आली. दोन महिन्यांत तीही 'बिघडली'.

शेवटी बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. "सलग नव्वद दिवस घेऊ नका, मग आम्ही येतो," एवढंच म्हणाली. गवंडी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात जाऊ लागला. दर मंगळवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, कामावरून थेट पिशवीसकट. तिथे प्रत्येकजण आपले न पिता गेलेले दिवस सांगे. शहात्तराव्या दिवशी, गुरुवारी, तो प्यायला. पिशवीत बाटली माझ्याच अंगावर आदळली, म्हणून मला ठाऊक. बाकी कुणालाच नाही.

पुढच्या मंगळवारी तो खुर्चीत नुसता चुळबुळत होता. पायाने पिशवी कलंडली आणि मी बाहेर आले. गट चालवणाऱ्या सुतारकाकांनी मला उचललं.

"ही का रे तळाशी?"

"बिघडलीय."

"उलटवून पाहिलीस?"

ही रीत नवशिक्यालाही ठाऊक असते. पाणसळीची टोकं अदलाबदल करून ती त्याच जागी ठेवायची. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला, तर पाणसळ खरी, जागा वाकडी. माझ्यावर आळ घेतल्यापासून त्याने हे एकदाही केलं नव्हतं.

काकांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. बुडबुडा दाराकडे गेला. उलटवलं. पुन्हा दाराकडेच.

"हिला काही झालेलं नाही. कट्टा उतरता आहे," असं म्हणत त्यांनी मला गवंड्याच्या हातात दिलं. "तुझे किती दिवस?"

एक्क्याऐंशी म्हटलं असतं, तर नऊ दिवसांत लेक घरी आली असती. त्याच्या हातात माझा बुडबुडा सैरावैरा धावत होता.

"पाच," तो म्हणाला. "गुरुवारी घेतली मी."

कुणी रागावलं नाही. माझा जुना राग तर कुठल्या कुठे गेला.

जिन्यातूनच त्याने बायकोला फोन लावला. "नऊ दिवसांनी येऊ नका. मी पुन्हा प्यायलो."

मग ती म्हणाली, "कुणी पकडलं?"

"नाही. मीच सांगतोय."

"मग रविवारी मुलीला घेऊन भेटायला येते. राहायला नाही."

मित्रांनो, रविवारी दोघी भेटून गेल्या, आज त्याचा बारावा दिवस. तो माझी काच पुसतो, पण हात अजून थरथरतात. उद्या काय होईल, या धास्तीने मला चैन पडत नाही. तुम्हाला एवढीच विनंती. तुमच्या घरात कुणी पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजू लागलं, तर त्याला आधीचा आकडा विचारू नका. आजचा विचारा, आणि तो सांगेपर्यंत शेजारी बसून राहा.