धनुबाईने केलेली सोय

धनुबाईने आपल्या मरणाची सोय लावली आणि घरी येऊन वांग्याची भाजी टाकली. जेवायला ती एकटीच. नवरा नथ्थू पाटील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगा ललित बायकोपोरांसह सुरतेला, उधन्यात. एवढं मोठं काम आज उरकलं, हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

धनुबाई माहेरची महानुभाव. म्हसावदला आईच्या मांडीवर बसून ती नाम घ्यायला शिकली. लग्नाआधीच पंथाचा उपदेश घेतला आणि सारंगखेड्याजवळच्या या गावात सून म्हणून आली ती आपला नेम घेऊनच. सकाळी स्मरण झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद नाही. सासरी कुलदैवत होतं, नवस होते, श्राद्धपक्ष होता. ती सगळ्यांसाठी रांधायची, वाढायची, आणि प्रसादाची वाटी पुढे आली की हळूच दुसऱ्या कोणाकडे सरकवायची. नथ्थू हसून म्हणायचा, "मन्ही बायको मन्हाच घरमा पाव्हनी शे." त्यात राग नसायचा. पण ते खरंही होतं.

तिच्या पंथाच्या जुन्या रीतीत देह जाळत नाहीत. जमिनीत कुशीवर निजवतात, मीठ घालतात, वरून माती. पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही, तेरावं नाही. नाम घ्यायचं आणि घरी यायचं. आता पुष्कळ घरांतून ही रीत सुटली. माणसं गावाबरोबर तापीकाठच्या स्मशानातच जातात. धनुबाईची आई मात्र मातीत गेली होती, आणि धनुबाईलाही मातीतच जायचं होतं. म्हणून ती पंथाच्या आश्रमात जाऊन महंतबाबांशी बोलून आली. जागा तिच्याच शेतात, पपईच्या वाफ्यापलीकडे बांधाला लागून. खड्डा, मीठ, खांदा, नाम, सगळं आश्रमाची माणसं येऊन करतील. कोणाच्या हातापाया पडायला नको.

पहिली कुरबुर केली ती थोरली जाऊ फुलीबाईने. ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडता खुडता तिने सगळं ऐकून घेतलं.

"तान्हा लेकरूले पुरतस, नहीते साधूले," फुलीबाई म्हणाली. "तू यामानी कोन शे?"

"मी कोनीच नही, बाई."

"मंग गुमान जळ ना सगळासारखी." ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग हातातली मिरची तशीच धरून म्हणाली, "नथ्थू तापीमा ग्या. तू वावरमा पडशी. भेट कशी व्हई तुमनी?"

धनुबाईला उत्तर माहीत होतं. जीव एकटा येतो, एकटा जातो, त्याने परमेश्वराची ओढ धरायची, नवऱ्याची नाही. लहानपणापासून ऐकलेलं ज्ञान होतं ते. पण तिला ते फुलीबाईला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर आपला आवाज कापेल, अशी तिला भीती वाटली. ती पदर सावरून उठली आणि घरी आली.

त्याच संध्याकाळी तिने ललितला फोन लावला. मागे त्याच्या कापड कारखान्यातल्या लूमची खडखड चालू होती, म्हणून तिला नेहमीपेक्षा मोठ्याने बोलावं लागलं, आणि असलं बोलणं मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती.

"सगळं व्हई जाई," ती म्हणाली. "तुले काहीच तरास नही. तुले गाडी नही भेटनी तरी चाली."

तिकडून फक्त "बरं" आलं. मग खडखडसुद्धा बंद झाली. फोन ठेवला होता.

तिला वाटलं, पोरगा कामात असेल. पण रविवारी ललित न सांगता दारात उभा राहिला. एकटाच. बायको, पोरं कोणी नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा त्याला आवडतो, तो तिने केला. तो जेवला. हात धुऊन म्हणाला, "चाल, जागा दखाड."

दोघं शेतात गेले. पपया उतरवून झाल्या होत्या, पाटाला पाणी होतं. बांधाजवळ येऊन धनुबाईने हाताने दाखवलं, इथपासून तिथपर्यंत. घरातलं एखादं कपाट कुठे ठेवायचं ते दाखवावं, तसं.

ललितने जागा पाहिली. मग विचारलं, "आनि मी कोठे उभा ऱ्हाऊ?"

"म्हंजे?"

"आश्रमना लोके खड्डा करतीन. त्याच उचलतीन, त्याच नाम लेतीन. मी कोठे उभा ऱ्हाऊ? बांधवर? पाव्हनासारखा?"

"तुले तरास नको म्हनीसन मी..."

"गाडी नही भेटनी तरी चाली, म्हने तू." त्याने एवढं म्हटलं आणि पाटाकडे तोंड केलं. चाळिशीचा माणूस, पण पाठीमागून तो तिला शाळेतून मार खाऊन आल्यासारखा दिसला.

तसाच पाठमोरा तो म्हणाला, "बाबाना दहाव्याले कावळा शिवे नही. तुले कोनी सांगं का?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. बायका घाटावर जात नाहीत, आणि तिने विचारलंही नव्हतं. तिच्या लेखी त्या भाताच्या गोळ्याला अर्थ नव्हता. त्या दिवशी ती घरात नाम घेत बसली होती.

"ऊन चढी ग्यं. सगळा कटाळनात. चुडामणकाका म्हने, बापना जीव कशामा तरी अटकेल शे, बोल काहीतरी. मी हात जोडात. म्हनं, बाबा, मायनी काळजी करू नको, मी शे. तवय शिवना." ललितने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तू म्हन, कावळा भूक्या व्हता. पन मी तठे बोलेल शे. दर म्हयनाले मी येस ना, ते त्याकरता. आते तू म्हनस, तुन्हा टाइमले मन्हं कामच नही."

धनुबाई बांधावर बसली. गेली काही वर्षं ती नाम घेताना एकच मागणं मागत होती, की आपलं ओझं कोणावर पडू नये. ते तिने इतकं नीट जमवलं होतं की पोटच्या पोराला धरायला टोकसुद्धा ठेवलं नव्हतं. आणि तरी तिला मातीतच जायचं होतं. त्यात फरक पडला नव्हता.

"माले जाळू नको," ती हळूच म्हणाली.

"नही जाळाव. तुन्हा शबद मी मोडाव नही." तो तिच्याकडे वळला. "पन खड्डा मी करसू. मीठ, माती बी मीच टाकसू. आनि केस काढसू."

"आमनामा केस नही काढतस."

"मी तुमनामा नही, माय."

हे कोणीतरी आज पहिल्यांदा म्हटलं होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण नथ्थूनेसुद्धा ते थट्टेवारीच नेलं होतं. धनुबाईने मान खाली घातली आणि पायाजवळची माती बोटाने सारखी केली.

"पिंड?" तिने विचारलं.

"नही ठेवाव."

"मंग काढजो केस."

संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं स्मरण आटोपून धनुबाई आश्रमात गेली. महंतबाबांना दंडवत घातला आणि एका दमात सांगून टाकलं: खड्डा, मीठ, माती मुलगा करील. नंतर तो मुंडनही करील. तुम्ही फक्त नाम घ्या.

महंतबाबा चांगले माणूस होते. ते लगेच नाही म्हणाले नाहीत.

"त्याने उपदेश घेतलेला नाही," ते म्हणाले. "आणि मुंडन आपल्यात नाही, धनुबाई. तुम्हाला हे मी सांगायचं का?"

"नाही, बाबा."

"अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. असं केलं तर आमच्या माणसांना पुढे होऊन काही करता येणार नाही. बांधाबाहेर उभं राहावं लागेल. तुम्ही जन्मभर नेम पाळलात, आणि शेवटी जवळ नेमाचं माणूस कोणी नाही. चालेल का तुम्हाला?"

नेमाची माणसं बांधाबाहेर, आणि जवळ एकटा ललित, त्याला नामातलं अक्षर येत नाही. धनुबाईला ते सगळं स्वच्छ दिसलं. नकोसं वाटलं, पण दुसरं काही मागावंसं वाटलं नाही.

"चालेल," ती म्हणाली. "तो जवळ राहू द्या. तुम्ही लांबून घ्या नाम. फक्त मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने घ्या."

महंतबाबा हसले. धनुबाई हसली नाही. तिने पुन्हा दंडवत केला आणि दुपारची गाडी सापडावी म्हणून फाट्याकडे चालू लागली.